विंडसरच्या कागदावर लिहिलेला राजीनामा: लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल प्रकरण, डिसेंबर 1886

प्रकरण थोडक्यात

20 डिसेंबर 1886, सोमवार. ब्रिटनचा 37 वर्षांचा अर्थमंत्री लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल राणी व्हिक्टोरियाकडे जेवायला म्हणून लंडनहून विंडसरला गेला. रात्री किल्ल्यातल्याच कागदावर त्याने पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरीला पत्र लिहिलं: लष्कर आणि नौदलाचा खर्च मला मान्य नाही, मला मोकळं करा. बुधवारी पंतप्रधानांनी राजीनामा स्वीकारला आणि गुरुवारी सकाळी तो 'द टाइम्स'मध्ये छापून आला. अर्थमंत्रिपदावर तो पाच महिनेही टिकला नव्हता. त्यानंतर त्याला मंत्रिपद कधीच मिळालं नाही.

विन्स्टन चर्चिलचा बाप ही त्याची आजची ओळख. 1886 साली मात्र हुजूर पक्षाचा पुढचा पंतप्रधान म्हणून लोक त्याच्याकडेच बघत होते. इथे तपासायचं ते एवढंच की, दीड वर्षात अनेकदा चाललेलं राजीनाम्याचं हत्यार याच वेळी का चाललं नाही.

पार्श्वभूमी

रँडॉल्फ मार्लबरोच्या सातव्या ड्यूकचा धाकटा मुलगा. ब्लेनमचा राजवाडा, ईटनची शाळा, ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज हा सरदारपुत्राचा ठरलेला मार्ग त्यानेही धरला. ड्यूकच्या धाकट्या मुलाला 'लॉर्ड' ही पदवी निव्वळ शिष्टाचाराची असते. गादी, जमीन आणि त्या काळी हाउस ऑफ लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहातली जागाही थोरल्याकडे जात असे. त्यामुळे राजकारण करायचं तर धाकट्याने कॉमन्सची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक लढवायची. 1874 साली तो वुडस्टॉकमधून निवडून आला. वुडस्टॉक म्हणजे राजवाड्याच्या वेशीला लागून असलेलं गाव, घराण्याच्या मुठीतला मतदारसंघ.

1880 नंतर त्याने स्वपक्षाच्याच नेत्यांना धारेवर धरलं. ड्रमंड वुल्फ, जॉन गॉर्स्ट आणि आर्थर बाल्फर यांच्यासोबतच्या त्याच्या टोळक्याला लोक 'चौथा पक्ष' म्हणत. कॉमन्समधला पक्षनेता सर स्टॅफर्ड नॉर्थकोट याला त्याने जेरीस आणलं. डब्ल्यू. एच. स्मिथ आणि रिचर्ड क्रॉस या मध्यमवर्गातून आलेल्या माजी मंत्र्यांना तो लंडनमधल्या एका कापडदुकानाच्या जोडनावाने चिडवायचा. स्मिथ म्हणजे रेल्वे स्टेशनांवर ज्याच्या घराण्याचे पुस्तकांचे स्टॉल होते तोच. या टवाळीची किंमत पुढे चुकती करावी लागणार होती.

जून 1885 मध्ये सॅलिस्बरीने पहिलं सरकार बनवलं तेव्हा रँडॉल्फने अट घातली: नॉर्थकोट कॉमन्सच्या नेतेपदावर राहिला तर मी मंत्रिमंडळात येणार नाही. नॉर्थकोटला आयडस्लीचा अर्ल करून लॉर्ड्समध्ये पाठवलं गेलं. रँडॉल्फ भारतमंत्री झाला.

ऑगस्ट 1885 मध्ये दुसरा प्रसंग आला, आणि तो थेट मुंबईशी जोडलेला आहे. आपला मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती व्हावा, अशी राणीची इच्छा होती. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला ज्याचं नाव आहे तोच हा कॅनॉट. रँडॉल्फचा या नेमणुकीला विरोध होता. त्याला न सांगता राणीने पंतप्रधानांमार्फत व्हाइसरॉय डफरिनचं मत मागवलं. आपल्या खात्यात आपल्याला डावलून तारा जातात हे कळताच त्याने राजीनामा पुढे केला. सॅलिस्बरीने समजूत काढली, राजीनामा मागे घेतला गेला, नेमणूक बारगळली. कॅनॉट त्या पदावर आला तो डिसेंबर 1886 मध्ये, म्हणजे रँडॉल्फ सरकारातून बाहेर पडला त्याच महिन्यात.

भारतमंत्री म्हणून त्याची मुदत सात महिन्यांची. तेवढ्यात ब्रह्मदेशावर स्वारी झाली आणि 1 जानेवारी 1886 रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. तिथला राजा थिबा कैद होऊन रत्नागिरीला आला आणि 1916 साली तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस या माणसाच्या कारकिर्दीची एक खूण आहे, हे पॅलेस बघायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर ग्लॅडस्टनचा उदारमतवादी पक्ष फुटला आणि जुलै 1886 च्या निवडणुकीनंतर सॅलिस्बरी पुन्हा पंतप्रधान झाला. हुजूर पक्षाला स्वतःचं बहुमत नव्हतं. हार्टिंग्टनच्या नेतृत्वाखालच्या फुटीर उदारमतवाद्यांच्या टेकूवर सरकार उभं होतं. पंतप्रधान लॉर्ड्समध्ये बसत असल्याने कॉमन्स सांभाळायला खमक्या माणूस हवा होता. आधी तिथला पक्षनेता असलेल्या हिक्स बीचने मोठेपणा दाखवून नेतेपद रँडॉल्फला सोडलं आणि स्वतः आयर्लंडचं काटेरी खातं घेतलं. 3 ऑगस्टला रँडॉल्फ अर्थमंत्री आणि कॉमन्सचा नेता झाला.

पेच कुठे होता

ब्रिटिश आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. खात्यांचे खर्चाचे अंदाज तेव्हा डिसेंबर-जानेवारीत ठरत आणि संसद भरल्यावर मांडले जात. अर्थमंत्र्याची खरी लढाई म्हणूनच नाताळाच्या आसपास, बंद दाराआड असे.

रँडॉल्फचं अंदाजपत्रक तयार होतं आणि ते धाडसी होतं. प्राप्तिकर पौंडामागे 8 पेनींवरून 5 पेनींवर आणायचा. तेव्हा 240 पेनींचा एक पौंड होई. म्हणजे वर्षाला 1,000 पौंड कमावणाऱ्याचा कर 33 पौंड 6 शिलिंग 8 पेनींवरून 20 पौंड 16 शिलिंग 8 पेनींवर आला असता. चहावरचा कर 6 पेनींवरून 4 पेनी. तंबाखूवरही सूट. स्थानिक स्वराज्य संस्थांना मोठं अनुदान. यासाठी पैसा उभा करायचा तो वारसाकर आणि घरकर वाढवून, कर्जफेड निधीत जाणारी रक्कम कमी करून, आणि खर्चात काटकसर करून.

काटकसरीचा वाटा आकड्याने लहान होता, पण त्याच्यापुरता तो शब्दाचा प्रश्न होता. काटकसर हे त्याने व्यासपीठांवरून दिलेलं वचन होतं. दोन्ही सैन्यदलांची पुढच्या वर्षाची मागणी होती 3 कोटी 10 लाख पौंड. त्यात नौदल 1 कोटी 25 लाख, भूदल 1 कोटी 85 लाख. नौदलमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टनने जवळपास 5 लाखांची कपात दाखवली होती. रँडॉल्फच्या मते ती कागदोपत्री होती, कारण नौदलाच्या तोफा आणि दारूगोळ्याची मागणी युद्धखात्याच्या माथी मारली गेली होती. त्यामुळे भूदलाचा अंदाज सुमारे 3 लाखांनी वाढला होता. बंदरांची आणि जहाजांना कोळसा पुरवणाऱ्या ठाण्यांची तटबंदी हाही त्यातलाच वादाचा खर्च.

हे 3 लाख किती? प्राप्तिकराच्या एका पेनीमागे सरकारला वर्षाला सुमारे 20 लाख पौंड मिळत. भूदलाची ती वाढ पेनीच्या सहाव्या-सातव्या हिश्शात भागली असती. एवढ्यासाठी अख्खं अंदाजपत्रक पणाला लावायचं का, हा पहिला प्रश्न.

दुसरी गाठ माणसांची होती. युद्धमंत्री कोण, तर तोच डब्ल्यू. एच. स्मिथ. शांत, शब्दाला पक्का, आणि पूर्वीची टवाळी विसरलेला नसला तरी ती न दाखवणारा. आपलं म्हणणं डावललं तर आपणही जाऊ, हे त्याने पंतप्रधानांना कळवलं होतं. म्हणजे दोघांपैकी एक जाणार हे निश्चित होतं. कोण, हे सॅलिस्बरीने ठरवायचं होतं.

तिसरी गोष्ट, रँडॉल्फचं सगळ्याच आघाड्यांवर एकाच वेळी बिनसलं होतं. परराष्ट्रमंत्री होता आयडस्ली, म्हणजे त्यानेच लॉर्ड्समध्ये ढकललेला नॉर्थकोट, आणि बल्गेरियाच्या प्रश्नात रँडॉल्फ त्याच्या खात्यात ढवळाढवळ करत होता. ऑक्टोबरमध्ये तर तो 'मिस्टर स्पेन्सर' या नावाने बर्लिन, व्हिएन्नाकडे हिंडून आला. गुप्त प्रवास म्हणायचा, पण वर्तमानपत्रांनी तो पहिल्या काही दिवसांतच हुडकला. स्थानिक स्वराज्याच्या विधेयकावरही जमीनदार सहकाऱ्यांशी खटके उडत होते. एका वादात सोबत हवी तर दुसऱ्या वादात नमतं घ्यावं लागतं. त्याने कुठेच घेतलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: नौदलाची कपात पदरात पाडून घ्यायची, भूदलाचं पुढच्या वर्षी बघू म्हणायचं आणि अंदाजपत्रक मांडायचं. प्राप्तिकरात 3 पेनींची सूट देणारा अर्थमंत्री वसंतात देशाचा लाडका झाला असता. स्मिथचे 3 लाख कुणाच्या लक्षातही राहिले नसते.

दुसरा, मंत्रिमंडळात रीतसर निकाल मागायचा. हरला असता तरी कोण कुठे उभा आहे ते नोंदलं गेलं असतं, आणि मधला आकडा काढायला वाव राहिला असता. पत्रात त्याने लिहिलं की, तुमच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा नाही आणि मंत्रिमंडळात तर मुळीच पाठिंबा मिळणार नाही. म्हणजे मतं मोजण्याआधीच त्याने स्वतःला हरलेला ठरवलं.

तिसरा, जायचंच तर सोबत घेऊन जायचं. हिक्स बीच त्याचा मित्र होता, मंत्रिमंडळात वजनदार होता. बाहेर फुटीर उदारमतवाद्यांमधला जोसेफ चेंबरलेन होता, सुधारणांबाबत जवळच्या मताचा. यांपैकी कुणाशीही आधी मसलत झाली नाही.

चौथा पर्याय वेळेचा. संसद 27 जानेवारी 1887 रोजी भरणार होती. सभागृह चालू असताना नेता गेला तर दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारपुढच्या बाकावर कोण उभं राहणार, हा प्रश्न पंतप्रधानांपुढे लगेच पडतो, आणि जाणाऱ्याला सभागृहात निवेदन करता येतं. नाताळाच्या आठवड्यात राजीनामा दिला की पंतप्रधानांना पर्याय शोधायला पाच आठवडे मिळतात आणि राजीनामा देणाऱ्याला बोलायला जागाच उरत नाही. या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली चूक मला हीच वाटते. बाकीच्या चुका स्वभावाच्या होत्या, ही निव्वळ कॅलेंडर न बघितल्याची.

सॅलिस्बरीपुढेही पर्याय होते. मनधरणी करायची, जसं 1885 मध्ये केलं तसं. स्मिथला जाऊ द्यायचं. किंवा राजीनामा घ्यायचा आणि सरकार पडण्याचा धोका पत्करायचा. हार्टिंग्टनच्या गटाशिवाय बहुमत नव्हतं आणि त्या गटाला रँडॉल्फच्या जाण्याने काय वाटेल याचा भरवसा नव्हता. तरीही त्याने धोका घेतला. दर दोन महिन्यांनी राजीनामा दाखवणारा माणूस ठेवण्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे, असा त्याचा हिशेब दिसतो.

प्रत्यक्ष काय घडलं

सोमवारी विंडसरच्या गाडीत योगायोगाने लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टनही होता. आपण राजीनामा देणार हे रँडॉल्फने त्याला प्रवासात सांगितलं. किल्ल्यावर पोचल्यावर पत्र लिहून दाखवलंही. असं पत्र पाठवण्याआधी कुणाशी तरी बोल, हा हॅमिल्टनचा सल्ला. कुणाशीही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही, हे उत्तर. राणीसोबत जेवण झालं, गप्पा झाल्या, तिला त्याने चकार शब्द सांगितला नाही. आपल्याच घरात, आपल्याच कागदावर आपल्या सरकारचा राजीनामा लिहिला गेला, हे राणीने पुढे कधी माफ केलं नाही.

पत्राचा मजकूर बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात 3 कोटी 10 लाख आहेत, नौदलाची कपात आभासी असल्याची तक्रार आहे, मंत्रिमंडळात भांडत बसायची इच्छा नाही हेही आहे. प्राप्तिकर, चहा, स्थानिक अनुदान यांबद्दल एक ओळ नाही. अंदाजपत्रक गुप्त असतं. ते बाहेर फोडण्याची सोय मंत्र्याला नसते, माजी मंत्र्यालाही नसते. त्यामुळे लोकांना जे आवडलं असतं ते सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत होतं ते असं की, युरोपात युद्धाचे ढग असताना हा माणूस फौजेचे पैसे कापायला निघाला आहे. राजीनाम्यासाठी त्याने निवडलेलं कारण त्याच्या बाजूने सगळ्यात कमकुवत होतं. त्या अंदाजपत्रकाचा तपशील लोकांपुढे आला तो 1906 साली, तो जाऊन 11 वर्षं झाल्यावर.

मंगळवारी पत्र सॅलिस्बरीच्या हाती पडलं. त्याने घाई केली नाही, पण घोळही घातला नाही. 22 तारखेला उत्तर गेलं: युरोपातली परिस्थिती पाहता संरक्षणाच्या मागण्या नाकारण्याची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, अत्यंत खेदाने राजीनामा स्वीकारतो. खेदाचे शब्द भरपूर होते. 'पुन्हा विचार करा' हे शब्द नव्हते. मनधरणीची अपेक्षा असलेल्या माणसाला हा फरक पहिल्या वाचनातच कळला असणार.

रँडॉल्फने लगेच दुसरं पत्र पाठवलं आणि त्यात परराष्ट्र धोरणावरही टीका केली. ते हॅटफिल्डला पोचलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि सॅलिस्बरीच्या वाड्यावर नाच चालू होता. पाहुण्यांमध्ये खुद्द रँडॉल्फची आई, मार्लबरोची डचेस, होती. सॅलिस्बरीच्या सेसिल घराण्यात सांगितला जाणारा किस्सा असा की, सकाळी डचेस निघणार म्हणून बायकोने सॅलिस्बरीला उठवलं, तर तो म्हणाला, आधी 'टाइम्स' मागव. रँडॉल्फने रात्री राजीनामा दिलाय आणि मी त्याला ओळखतो, आज तो छापून आलेला असणार. तसा तो आलाही होता.

कारण त्याच बुधवारी संध्याकाळी रँडॉल्फ बायकोसोबत नाटकाला गेला होता, मधूनच उठला आणि 'टाइम्स'च्या संपादकाकडे जाऊन बातमी देऊन आला. संपादकाने बातमी घेतली, पाठिंबा दिला नाही. जेनीला नवऱ्याचा राजीनामा न्याहारीच्या टेबलावर वर्तमानपत्रातून कळला. राणीचाही पारा चढला; आपल्याला रीतसर कळण्याआधी बातमी छापखान्यात पोचली हे तिला सहन होण्यासारखं नव्हतंच.

सरकारची डागडुजी

सॅलिस्बरीने पहिला डाव मोठा टाकला. हार्टिंग्टनला, तुम्ही पंतप्रधान व्हा, मी तुमच्या हाताखाली काम करतो, असं कळवलं. हार्टिंग्टन रोममध्ये होता. तो परतला, विचार केला आणि वर्षाच्या अखेरीस नकार दिला. पण या प्रस्तावाने एक काम झालं. नकार देणाऱ्याला सरकार टिकवायला मदत करणं भाग पडलं.

मग पुढे आला जॉर्ज गोशेन. बँकर घराण्यातला, परकी हुंडणावळीवर पुस्तक लिहिलेला, 1871 ते 1874 नौदलमंत्री राहिलेला, स्वराज्याच्या प्रश्नावर ग्लॅडस्टनला सोडलेला. अर्थखात्यासाठी याहून लायक माणूस दोन्ही पक्षांत मिळाला नसता. 'मी गोशेनला विसरलोच' असं रँडॉल्फ नंतर म्हणाल्याचं सांगतात. शब्द नेमके हेच होते की नाही हे सोडा, हिशेबातली चूक नेमकी हीच होती.

14 जानेवारी 1887 रोजी गोशेन अर्थमंत्री झाला. गंमत अशी की, त्याला संसदेत जागाच नव्हती. जुलैमध्ये तो एडिनबरोत हरला होता. लिव्हरपूलच्या एक्स्चेंज मतदारसंघातली पोटनिवडणूक तो 7 मतांनी हरला. मग लंडनच्या सेंट जॉर्ज, हॅनोव्हर स्क्वेअरमधली सुरक्षित जागा त्याला मिळवून दिली गेली. स्मिथ कॉमन्सचा नेता झाला. कापडदुकानवाला म्हणून ज्याला चिडवलं तो आता चिडवणाऱ्याच्याच खुर्चीत बसला.

सॅलिस्बरीने परराष्ट्र खातं स्वतःकडे घेतलं. आयडस्लीला आपलं खातं गेल्याचं वर्तमानपत्रातून कळलं. 12 जानेवारीला तो पंतप्रधानांना भेटायला 10, डाउनिंग स्ट्रीटला गेला आणि तिथेच कोसळून वारला. सॅलिस्बरीच्या सफाईदार हालचालींवरचा हा डाग आहे आणि तो पुसला जात नाही.

परिणाम

रँडॉल्फच्या मागे एकही मंत्री गेला नाही. हिक्स बीच दुखावला. ज्याच्यासाठी नेतेपद सोडलं त्याने विचारलंही नव्हतं. चेंबरलेनने 23 तारखेला बर्मिंगहॅममध्ये भाषण केलं, जुने हुजूर लोक वरचढ झाल्याचं बोलला, पण त्यातून उदारमतवाद्यांच्या समेटाच्या बैठका सुरू झाल्या, रँडॉल्फसाठी वाट निघाली नाही. 27 जानेवारीला सभागृहात त्याने आपली बाजू मांडली तेव्हा समोर नवं सरकार घडी बसवून बसलं होतं.

त्याला परत घ्यावं असं अधूनमधून कुणी सुचवायचं. मानेवरचं गळू एकदा गेल्यावर दुसरं हवं असं म्हणणारा कुणी पाहिलाय का, असं सॅलिस्बरी म्हणे.

धोरणांचं काय झालं ते अधिक विचार करण्यासारखं आहे. गोशेनने 1887 मध्ये प्राप्तिकर 8 वरून 7 पेनी केला, 1888 मध्ये 6. कर्जफेडीची वार्षिक रक्कम 2 कोटी 80 लाखांवरून 2 कोटी 60 लाखांवर आणली. 1888 साली परगण्यांना निवडून आलेल्या परिषदा मिळाल्या. 1890 मध्ये चहावरचा कर 6 पेनींवरून 4 पेनी झाला. रँडॉल्फच्या कागदातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्याशिवाय, हळूहळू, दुसऱ्याच्या नावावर होऊन गेल्या. झाली नाही ती ज्यासाठी त्याने पद सोडलं ती एकच: काटकसर. 1889 च्या नौदल कायद्याने जहाजबांधणीसाठी 2 कोटी 15 लाख पौंड मंजूर झाले.

24 जानेवारी 1895 रोजी, 45 व्या वर्षी तो वारला. अर्थमंत्र्याचा जरीचा झगा त्याने उत्तराधिकाऱ्याला दिला नव्हता. तो घरात जपून ठेवला होता आणि 1924 साली अर्थमंत्री झाल्यावर विन्स्टनने तो अंगावर चढवला.

वेगळं काय करता आलं असतं

त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की, हा तत्त्वाचा राजीनामा होता, डाव नव्हता. काटकसरीवर त्याची श्रद्धा खरी होती हे मान्य. पण तत्त्वासाठी जाणारा माणूस सोबती, मुहूर्त आणि कारण यांची तयारी करूनच जातो, कारण जाण्याने तत्त्वाचं काही भलं व्हावं ही त्याची इच्छा असते. इथे त्यातलं काहीच नव्हतं. मला दिसतं ते असं: नॉर्थकोटच्या वेळी अट चालली, मुंबईच्या सरसेनापतीच्या वेळी राजीनामा चालला, आणि हत्यारात धार आहे असा त्याचा समज झाला. धार हत्यारात नव्हती, परिस्थितीत होती. 1885 मध्ये सॅलिस्बरीला त्याच्यावाचून गत्यंतर नव्हतं. सभागृहात दुसरा वक्ता नव्हता, फुटीर उदारमतवादी अजून फुटले नव्हते, गोशेन समोरच्या बाकांवर होता. 1886 च्या उन्हाळ्यातल्या फुटीने रँडॉल्फला सत्ता मिळाली आणि त्याच फुटीने त्याच्या जागी बसू शकणारा माणूसही सॅलिस्बरीच्या दारात आणून ठेवला. आपली किंमत कशाने वाढली होती हे ज्याला नीट उमगत नाही, त्याला ती कधी उतरली हेही कळत नाही.

दुसरी गोष्ट कारणाच्या निवडीची. वाद प्राप्तिकरावर किंवा स्थानिक स्वराज्याच्या विधेयकावर नेला असता तर चेंबरलेन आणि शहरी मतदार त्याच्या बाजूला दिसले असते. आधी अंदाजपत्रक मांडायचं, मग खात्यांशी भांडायचं, हा क्रम ठेवला असता तरी बाजी वेगळी झाली असती. त्याने उलट क्रम धरला.

आणि ज्याला त्याने पत्र लिहिलं तो माणूस कोण होता हेही त्याने पाहिलं नाही. सॅलिस्बरी स्वतः राजीनामा देऊन बाहेर पडलेला होता. 1867 मध्ये, लॉर्ड क्रॅनबोर्न या नावाने आणि योगायोगाने भारतमंत्रीच असताना, मताधिकाराच्या विधेयकावरून. 24 फेब्रुवारीच्या रविवारी रात्री त्याने मतदारसंघांचे आकडे मांडून बसून तपासले, विधेयकातल्या तजविजी फोल आहेत हे ताडून पाहिलं, आणि मग सहकारी मंत्री लॉर्ड कार्नार्व्हनला जाऊन भेटला. युद्धमंत्री जनरल पीलही त्यांच्या सोबत आला. 2 मार्चला तिघे एकत्र बाहेर पडले. ते हरलेच, विधेयक मंजूर झालं. पण सात वर्षांनी क्रॅनबोर्न, आता सॅलिस्बरी, पुन्हा भारतमंत्री झाला. त्याच्याकडे त्या रात्री आकडे होते आणि दोन माणसं होती. रँडॉल्फच्या सोबतीला होता तो एक नौदलमंत्री, तोही त्याच गाडीत बसला होता म्हणून.